झरा खालच्या घरी गेला

९ फेब्रुवारी

प्रिय बाइंडर,

किल्ली मी चोरलेली नाही. तुझ्या पुस्तकबांधणीच्या दुकानातल्या खिळ्यावर ती इतकी वर्षं टांगून होती, की तिच्यावर तुझ्या खळीचा थर चढला होता. जी वस्तू मालक वापरत नाही ती वापरणाऱ्याची, हे मी मैदानामैदानांत ओरडून सांगितलं आहे आणि तू मागच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवल्या आहेस. तेव्हा आता तक्रार चालणार नाही.

डोंगरावरच्या घरात सुखरूप पोचले. आधी 'आपल्या घरात' असं लिहिलं होतं, ते खोडलं. तू घर विकायला काढलंस, तेव्हा तो शब्द तुझ्या परवानगीशिवाय वापरायचा नाही असं ठरवलं आहे. चूक कोणाची, हा विषय आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर नाही. फक्त इतिवृत्तात नोंद असावी म्हणून लिहिते: तू ही जागा दोघांसाठी घेतलीस. दर वर्षी विचारलंस, आणि दर वर्षी मी म्हणाले, एवढी एक सभा होऊ दे. मग तू विचारणं सोडलंस आणि गिऱ्हाईक शोधलंस.

घशातली गाठ काढल्यावर डॉक्टर म्हणाला, "पुढच्या तपासणीपर्यंत एक शब्द नाही, बाई. कुजबुजसुद्धा नाही." तेव्हा तू हसलास. कित्येक महिन्यांनी हसलास, म्हणून मी रागावले नाही. घरी येऊन पाटीवर पहिलं वाक्य लिहिलं ते तुझ्यासाठी: 'चल, डोंगरावर जाऊ.' तू वाचलंस, बाहीने पाटी पुसलीस, "उशीर झाला" म्हणालास आणि खळीचा ब्रश उचललास. मी किल्ली उचलली.

मागणी एकच आहे. गिऱ्हाईकाला माझ्या तपासणीपर्यंत थांबव. तेवढ्या मुदतीत मी तुला पत्रांनी पटवणार आहे, की घर विकायचं नाही आणि तू इथे यायचं. हरणारी बाजू मी पुष्कळदा घेतली आहे, अर्धवट कधी सोडलेली नाही.

एक खुलासा. मी निसर्गाच्या कुशीत वगैरे आलेले नाही. कुशीबिशी लिहिणाऱ्यांनी इथल्या फरशीवर पाठ टेकून बघावी. शहरात मला गप्प बसता येत नाही, म्हणून आले.

तुझी,
(सध्या थंड) तोफ


१७ फेब्रुवारी

प्रिय बाइंडर,

उत्तर नाही. ठीक आहे. मौनाचा मक्ता एकट्या माझ्याकडे नाही.

पुस्तकांचे खोके अजून बांधलेलेच आहेत. एका खोक्यावर मी जेवते, एकावर बसते, दोन जोडून त्यावर झोपते. जगातल्या सगळ्या क्रांत्या माझ्या पाठीखाली आहेत आणि पाठ दुखते. इस्त्री आणली होती, ती आता दाराला अडकण म्हणून लावली आहे. साड्या चार आणल्या, दोन वापरते. बाकीच्या दोघींकडे बघून वाटतं, बायांनो, तुम्ही कशाला आलात?

लगेच खूश होऊ नकोस. साधेपणाचं कौतुक करणाऱ्यांशी माझं भांडण आहे आणि राहील. ज्याला निवडायला मिळतं त्याने दोन साड्यांत राहणं ही एक गोष्ट आहे. जिच्याकडे दोनच आहेत तिला 'किती साधी राहता हो' म्हणणं ही बदमाशी आहे. एवढं स्पष्ट करून पुढचं कबूल करते: बरं वाटतं. सकाळी उठून काय नेसू, कुठे जाऊ, कोणाला फोन करू, हे काही नसतं. झऱ्यावर जायचं आणि बादली भरायची.

तुझा झरा अजून आहे. घरामागच्या खडकाखाली, शेवाळाच्या आणि मुळांच्या जाळीतून करंगळीएवढी धार पडते. बादली भरेपर्यंत शेजारी बसून राहावं लागतं. रिकाम्या बादलीत पाणी फार आवाज करतं, भरत आली की गप्प होत जातं. हे सुचलं तेव्हा वाटलं, वा, सभेसाठी टिपून ठेवायला हवं. मग आठवलं, सभा नाही. मग नुसतीच ऐकत बसले. सभेचं नुकसान झालं असेल, माझं नाही झालं.

मला शेजारीण आहे. खालच्या बाजूच्या घरात एक निवृत्त कंडक्टरबाई राहते. तीही माझ्यासारखीच शहरातून आलेली, इथल्या बाबतीत माझ्याइतकीच अडाणी. पहिल्या दिवशी बकरी घेऊन दारात.

"नवीन का? मी खालची. उभं आयुष्य बसमध्ये घंटी ओढली, आता हिला ओढते. तुमचं काय?"

मी पाटीवर लिहिलं, 'बोलायला बंदी आहे.'

"चष्मा घरी राहिला हो. मुक्या का?" मी अर्धवट मान हलवली. "बरं झालं. म्हणजे वाईट झालं, पण बरं झालं. आमच्या ह्यांना बोलायची फार खोड होती."

तेव्हापासून रोज येते. चष्मा रोज घरी राहतो. मला तिची थोरली जाऊ, जावेची सून आणि सुनेचे गुडघे इत्थंभूत माहीत झाले आहेत. लोकांनी माझी दोन-दोन तासांची भाषणं कशी सोसली असतील, हे आता कळतं. तू तर घरीही सोसलीस.

झऱ्याची ती धार मात्र मला बघवत नाही. एवढा मोठा डोंगर आणि करंगळीएवढी धार! कुठेतरी अडवणूक आहे. मुळाशी जायला हवं.

तुझी,
श्रोती झालेली तोफ


२४ फेब्रुवारी

प्रिय बाइंडर,

आज घाईत आहे. पहार सापडली, न्हाणीच्या मागे होती. हात मजबूत आहेत, भूक लागते, घसा दुखत नाही. झऱ्याचं किरकोळ काम काढलं आहे, काळजी नसावी. कंडक्टरबाई चार दिवस आलेली नाही, माझ्या ठाकठुकीमुळे जरा रुसली आहे. बाकी क्षेम.

तुझी,
तोफ

ता. क. गढूळ झालेला झरा आपोआप निवळतो का, असं तुझ्या दुकानात बांधायला आलेल्या एखाद्या पुस्तकात दिसलं तर कळव. सहज विचारते.


२ मार्च

प्रिय बाइंडर,

मागच्या पत्रात मी 'किरकोळ' हा शब्द वापरला. सरकारी पत्रकांत तो दिसला की मी तो कसा फाडायची, तुला आठवत असेल. आता माझाच फाडते.

झरा गेला.

मी मुळाशी गेले, बाइंडर. शब्दशः गेले. शेवाळ खरवडलं, नेचे उपटले, मुळं तोडली, तोंडाशी बसलेले दगड पहारीने उचकटले. आयुष्यभर सांगत आले ना, अडथळे दूर करा, वाट मोकळी करा! संध्याकाळी मनगटाएवढी धार सुटली. लालभडक पाणी. मी चिखलात उभी राहून मूठ वर केली, आवाज नव्हता म्हणून घोषणा राहिली. दुसऱ्या दिवशी धार पुन्हा करंगळीएवढी. तिसऱ्या दिवशी खडक ओला. चौथ्या दिवशी कोरडा.

आणि खालून आरडाओरडा. कंडक्टरबाईच्या गोठ्यातल्या जमिनीतून पाणी वर आलं होतं. पाणी वाट सोडत नाही, दुसरी शोधतं. बकरी गुडघाभर चिखलात उभी राहून माझ्याकडे बघत होती. बाई लुगडं खोचून ओरडत होती.

"हे तुमचंच काम! वर ठाकठूक ऐकली मी! अहो, मुक्या माणसाला एवढा उद्योग सुचतो कसा?"

मी पाटीवर 'क्षमा करा' लिहून समोर धरलं.

"चष्मा घरी आहे!"

घर तिथून चार पावलांवर होतं. तिने आणला नाही. मी आत जाऊन फडताळावरून चष्मा आणला आणि तिच्या नाकावर चढवला. तिने पाटी वाचली, माझ्याकडे वर-खाली बघितलं.

"अक्षर चांगलं आहे," ती म्हणाली. "फावडं धरता येतं का?"

दोघींनी मिळून गोठ्यातून चर खणला आणि पाणी बाहेर काढलं. पाणी कुठून वळवावं हे तिलाही ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. दोनदा चुकलं, दोनदा बकरीकडेच गेलं. तिसऱ्यांदा अंगणाच्या कडेला खळगा धरला, त्यात साठायला लागलं. मग वर जाऊन खडकाच्या तोंडाशी दगड होते तसे बसवायचा प्रयत्न केला. होते तसे कसे होते, हे मात्र मी बघितलंच नव्हतं. ह्याची मला लाज वाटली. कित्येक दिवस त्या धारेशेजारी बसले, पाणी ऐकलं, ते धरून ठेवणाऱ्या दगडांकडे एकदा बघितलं नाही. मला ते अडथळे वाटले.

आता मी पाणी आणायला खाली जाते. चढ आहे, दम लागतो. बादली काठोकाठ भरली की सांडते, म्हणून थोडी कमी भरते. कमी भरली तरी दिवस निभतो. आणि तू हसणार म्हणून मीच आधी सांगते: पाण्याच्या समान वाटपावर मी इतकी वर्षं बोलले, प्रत्यक्षात वाटप पहिल्यांदाच केलं, तेही चुकून.

झरा तुझा होता. तुला न विचारता हात घातला. रागव, पण लिहून रागव.

तुझी,
चिखलातली तोफ


११ मार्च

प्रिय बाइंडर,

तुझं गिऱ्हाईक येऊन गेलं. थांबव म्हणाले होते, तू थांबवलं नाहीस. ते तुझ्या कानावर आधी त्याच्याकडूनच आलं असेल, म्हणून माझी बाजू नीट मांडते.

गृहस्थ सभ्य आहे. बूट पुसून आत आला, खोक्यावर बसला, चहा प्याला. पाहुण्यांसाठी खोल्या बांधणार आहे. माणसं शहरातून येतील, शांतता घेतील, पैसे देतील. मी मनात तीन मुद्द्यांचं भाषण तयार केलं. घशापर्यंत आलं आणि टाक्यांवर आपटून परत गेलं.

मग तो म्हणाला, "झरा दाखवता? खरं तर झऱ्यासाठीच घेतोय."

मी त्याला मागे नेलं. कोरडा खडक. त्याने हात लावून बघितला, तोंड वाकडं केलं. "आटला वाटतं. तुमच्या मिस्टरांनी तर बारमाही सांगितला होता."

बाइंडर, एवढंच करायचं होतं: काही करायचं नव्हतं. मी मुकी. मान हलवली असती तरी पुरे होतं. तो डोंगर उतरून गेला असता आणि घर राहिलं असतं. मला हे घर किती हवं आहे, हे त्या क्षणी कळलं. दारातली इस्त्रीसुद्धा हवीशी वाटली.

पण तू त्याला बारमाही म्हणाला होतास. तू कधी कोणाला कच्ची शिलाई पक्की म्हणून दिली नाहीस. माझ्या गप्प बसण्याने तू खोटा ठरणार होतास. मी पाटी घेतली आणि लिहिलं: 'आटला नाही. मी बिघडवला. पाणी खालच्या घरी निघालंय. चला, दाखवते.'

त्याने वाचलं. मला निरखून बघितलं, बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशा नजरेने. मग आला.

खाली कंडक्टरबाई खळग्यापाशी भांडी घासत होती. त्याने विचारलं, "आजी, ही जागाही देता का? दोन्ही मिळून घेतो. चांगला भाव देईन."

"आजी कोणाची?" ती उठलीच. "पाणी वरून ह्यांचं येतं, खाली माझ्याकडे निघतं, पुढे ओढ्याला जातं. कुणाकुणाची जागा घेणार? ओढ्याचीही घेणार का? चला, चला, पुढे चला! दारात उभं राहायचं नाही!"

असा आवाज, बाइंडर! मी मैदानं गाजवली, पण माझ्या आवाजाने माणूस इतका झटपट पुढे सरकलेला मी पाहिला नाही. जाता जाता तो मला म्हणाला की विचार करून तुला कळवतो. म्हणजे नाही म्हणालेला नाही. भाव पाडून घेईल, किंवा दोन वर्षं थांबून दोन्ही घरं घेईल. निर्णय तुझ्या हातात आहे. मी तुझा सौदा मोडलेला नाही, एवढंच सांगायचं होतं. मोडावासा मात्र फार वाटला.

तुझी,
सरळ मारा करणारी तोफ


१९ मार्च

प्रिय बाइंडर,

पार्सल मिळालं. चिठ्ठी नाही. उलटसुलट करून बघितलं, कागद उजेडात धरला. चिठ्ठी नाहीच. नुसते गमबूट.

ओळखले. जागा घेतलीस त्याच दिवशी घेतले होतेस. दुकानाच्या माळ्यावर कातड्याच्या गुंडाळ्यांमागे असायचे. तळव्यांवर अजून दुकानदाराची चिठ्ठी चिकटलेली आहे.

आता ह्याचा अर्थ काय लावायचा? ठराव मोघम असला की मी मांडणाऱ्याला धारेवर धरत असे. पहिला अर्थ: 'मला आता ह्यांची गरज नाही, तू वापर.' दुसरा अर्थ: 'मी मागून येतो, हे आधी ठेवून घे.' पहिल्या अर्थाच्या विरोधात एक भक्कम पुरावा आहे. ते तुझ्या मापाचे आहेत, माझे पाय आत पोहतात. मी आज दोन मोजे चढवून, त्यांत कागद कोंबून पाणी आणायला गेले. कंडक्टरबाई म्हणाली, "नवऱ्याचे का? येतोय वाटतं." मी खांदे उडवले. "येतोय," ती म्हणाली. "माझ्या बसमध्ये लोक सामान आधी चढवायचे, मग स्वतः. तेवढ्यात घंटी मारायची नसते."

मी घंटी मारत नाही.

संघटनेच्या सेक्रेटरीचं पत्र आलं आहे. एप्रिलमधल्या मोठ्या सभेला मीच हवी, समोर सगळं मैदान भरणार आहे. घसा साथ देणार की नाही हे त्याने विचारलेलं नाही, ध्वनिक्षेपक चांगला आहे असं मात्र कळवलं आहे. मागणी योग्य आहे, लढाई खरी आहे, आणि माझं रक्त ते वाचूनच तापलं. इथे राहून ते थंड झालेलं नाही, हे तुला सांगून ठेवते. डोंगरावर येऊन शांत झालेली बायको हवी असेल तर दुसरी बघ. मी पत्रकं इथे बसून लिहीन, आणि ती जळजळीत असतील.

बदल एकच झाला आहे. मी आधी बघते. खडकाच्या फटीत नवं शेवाळ धरलं आहे, नखाएवढं. रोज जाऊन बघते आणि त्याला काहीही करत नाही. माझ्यासाठी ही केवढी कामगिरी आहे, ते तुझ्याशिवाय कोणाला कळणार?

घेवडा लावला आहे. वेल तुझ्या शिवणीच्या मेणदोऱ्यावर चढवला, जुन्या कोटाच्या खिशात रीळ सापडलं. दोरा उत्तम आहे, अर्थातच.

तुझी,
शिवलेली तोफ


२७ मार्च

प्रिय बाइंडर,

तुझं कार्ड आलं. शेवटी तुझं अक्षर! 'शनिवारी दुपारच्या बसने येतो. विकायचं का नाही ते झरा बघून ठरवू.' तू 'ठरवू' लिहिलंस. 'ठरवीन' नाही. हा शब्द मी इतिवृत्तात घेतला आहे, आता तो मागे घेता येणार नाही.

मंगळवारी तपासणीला शहरात गेले, दुकानाकडे मुद्दाम वळले नाही. डॉक्टरने आरसा आत घातला, मान डोलावली. "बरं भरलंय. आता बोला, पण थोडं. हळू. मैदान विसरा, बाई. ह्या आवाजाला पुन्हा ताणलंत तर तो राहायचा नाही." मग म्हणाला, "काहीतरी बोलून दाखवा की!" मी पाटीवर लिहिलं: 'पहिलं वाक्य राखून ठेवलंय.' तो हसला आणि म्हणाला, नशीबवान आहे कोणीतरी.

खरंच राखून ठेवलं होतं. तुझ्यासाठी. बसथांब्यावर तू उतरलास की म्हणायचं. तीन मसुदे केले. पहिल्याची सुरुवात चुकून 'बंधूंनो' अशी झाली. दुसऱ्यात आकडेवारी आली. तिसरा चांगला होता, लहान होता, चहाच्या भांड्यासमोर मनातल्या मनात म्हणून बघितला होता. असं एखादं वाक्य मी जन्मात तयार केलं नव्हतं.

आणि काल सकाळी दार उघडते तर ती बकरी ओट्यावर उभी. घेवड्याचा वेल अर्धा तिच्या तोंडात, मेणदोऱ्यासकट, आणि पुढचा पाय तुझ्या डाव्या गमबुटात.

"ए भवाने! हो बाजूला!"

झालं. गेलं पहिलं वाक्य. बकरीला गेलं.

तिने चघळणं थांबवलं नाही. खालून मात्र भांडं पडल्याचा आवाज आला आणि कंडक्टरबाई धापा टाकत वर आली. "बोललात? तुम्ही बोललात?" मी मान हलवली. "म्हणजे माझं सगळं ऐकत होतात?" मी म्हणाले, "जावेच्या सुनेचे गुडघे आता कसे आहेत?" ती मटकन पायरीवर बसली आणि डोळ्यांना पदर लावला. कोणी विचारलंच नव्हतं, म्हणाली. मग लगेच सावरून: "आवाज मात्र फाटका आहे हो तुमचा."

फाटका आहे. तुला आधीच सांगून ठेवते, म्हणजे शनिवारी दचकणार नाहीस. खरखरीत आणि बारीक, पत्र्यावरून वाळू घसरावी तसा. तो जुना आवाज गेला, बाइंडर. काल दुपारी खडकापाशी बसून त्याच्यासाठी थोडी रडले. तो माझा होता आणि मी तो वाया घालवलेला नाही. मग सेक्रेटरीला कळवलं, सभेला येईन, समोर बसेन, भाषण ती तरुण पोरगी करील जी मला मध्येच तोडायची. तिच्यात धग आहे.

आता कामाचं. बस वळणावर थांबते, तिथे उतर. खालच्या वाटेने ये, म्हणजे आधी कंडक्टरबाईचं घर लागेल. तिथे तुला पाणी दिलं जाईल, ते आपल्याच डोंगराचं आहे. 'आपल्याच' लिहिलंय. खोडायचं असेल तर तू खोड. झरा बघायला ये, पण तो वर दिसणार नाही, तिच्या अंगणात दिसेल. वर खडकावर फक्त शेवाळ आहे, आता बोटभर. आणि आज सकाळी त्याच्या टोकाला एक थेंब होता. पडला नाही. मी बराच वेळ वाट बघितली, हात लावला नाही.

दुसरं वाक्य अजून शिल्लक आहे. ते बसथांब्यावर म्हणणार नाही. घरी ये, गमबूट घाल (डावा थोडा कुरतडलेला आहे), ओट्यावर माझ्या शेजारी बस. मैदानाला हा आवाज पुरणार नाही. ओट्यावर बसलेल्या दोघांना मात्र छान पुरतो. मी काल बकरीबरोबर करून बघितलं.

तुझी,
फुटकी, पण चालू, तोफ